पहिल्या रांगेतला श्रोता

७ जुलै २०२५, इंदापूर

आजपासून मी बारामतीच्या एका विमानशाळेत सुरक्षा अधिकारी. पोरंपोरी ज्या छोट्या विमानांवर उडायला शिकतात, ती इथल्या हँगरमध्ये दुरुस्त होतात. मेकॅनिक डझनभर. त्यांचे हातपाय, डोळे, कान, फुप्फुसं संध्याकाळी धड घरी जातील हे बघायचं काम माझं.

साखर कारखान्यात इतकी वर्षं हेच केलं. तिथं ऊस वाहून नेणाऱ्या गव्हाणीच्या पट्ट्यात ओढला गेलेला माणूस पाहिला, आणि त्याच्यावरच्या अहवालाची शेवटची ओळही वाचली: ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’ तेव्हापासून हे दोन शब्द माझे वैरी आहेत. मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून सगळं त्याच्या अंगावर टाकून मोकळं व्हायचं. जयंतीच्या सभेत, कामगार मेळाव्यात, कॉलेजात, जिथं माइक मिळाला तिथं मी हे बोलत आले. लोक म्हणतात, अंजलीताई पेटतात. अशा वेळी न पेटणाऱ्या माणसाचं मला आश्चर्य वाटतं.

रोज काम सुरू होण्याआधी हँगरमध्ये सभा घ्यायची, असं मी आज जाहीर केलं. मुख्य इंजिनिअर विजयसिंह हसून म्हणाले, “ताई, इथं निवडणूक नाही. पाच मिनिटांत आटपा.” मी चांगली लांबवली. मागचे दोघं-तिघं जांभया देत होते. पण पहिल्या रांगेत, अगदी माझ्यासमोर, पन्नाशी उलटलेला एक माणूस बसला होता. दत्तोबा. पांढऱ्या मिश्या, ग्रीसनं काळी झालेली नखं. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून एकदाही हलली नाही. असा श्रोता वक्त्याला क्वचित मिळतो.

सभा संपल्यावर मी विचारलं, “काय दत्तोबा, पटलं का?”

“झ्याक. तुमी बोलत ऱ्हावा ताई, आमी बघत ऱ्हातो.”

परतीच्या एसटीत निमगाव केतकीपर्यंत हसू येत होतं.

१९ जुलै

कान हा इथला मोठा प्रश्न. इंजिन चाचणीला लावलं की बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नाही, आणि हे दिवसातून किती वेळा. कानांवर घालायचे मफ कपाटात कोरे करकरीत पडले होते. बाहेर काढून वाटले. एकानं ते हारासारखे गळ्यात घातले.

दत्तोबा म्हणाले, “ताई, टोपडं घालायचं वय हाय का माजं?” सगळे खोखो हसले. पण घातले. मी चाचणीच्या जागी एक पिवळी रेघ मारून घेतली: मफ नसेल तर रेघेच्या आत पाऊल नाही. विजयसिंहांनाही मी त्या रेघेवरून परत पाठवलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

३० जुलै

आज सुरक्षेचा पहिला खरा विजय. मन मात्र म्हणावं तसं हलकं नाही.

विमान ओढणारा ट्रॅक्टर काल मागं येत होता. चालकानं हॉर्न दिला, दिला, पुन्हा दिला. जुने मेकॅनिक आबाजी वाटेतच वाकून काहीतरी उचलत राहिले. चाक त्यांच्या टाचेशी येऊन थांबलं. त्यांना नीट ऐकू येत नाही हे उघड झालं. मी त्यांना हँगरमधून काढून गेटवर नेमायला लावलं. सभेत बोलले, “ज्याला ऐकू येत नाही, त्याची जागा इथं नाही. मी दया दाखवीन, प्रोपेलर दाखवणार नाही.” टाळ्या पडल्या. दत्तोबांची टाळी सगळ्यांच्या मागून सुरू झाली, पण सगळ्यांत उशिरा थांबली.

आबाजींनी आपले पाने-स्क्रूड्रायव्हर पुसून कपड्यात बांधले. उभी हयात इंजिनं उघडलेला माणूस आता येणाऱ्या गाड्यांचे नंबर बघणार. दत्तोबांनी ते गाठोडं उचललं आणि गेटपर्यंत पोचवलं. मग तिथंच बराच वेळ उभे होते. मी हाक मारली तरी आले नाहीत. जुनी सोबत. मी ओरडले नाही.

१२ ऑगस्ट

भांडून मिळवलेली कानतपासणीची गाडी अखेर आली. गाडीच्या आत काचेची छोटी खोली. आत बसायचं, कानाला यंत्र लावायचं, बारीक आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर नर्स बटणं दाबते.

सगळ्यांत चांगला निकाल कुणाचा लागावा? दत्तोबांचा. पोरासोरांचे आवाज हुकले, यांचा एकही नाही. मी मुद्दाम काचेबाहेर उभी राहून पाहिलं. काय एकाग्रता. बाकीचे आत डोळे मिटून बसत, कुणी छताकडे बघे. दत्तोबांनी नर्सच्या हातावरची नजर शेवटपर्यंत काढली नाही. बटणावर बोट पडलं की यांचं बोट वर.

बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. “गरम व्हतंय आत,” म्हणाले. मी त्यांना सगळ्यांसमोर शाबासकी दिली: या वयात असे कान असतात, कारण हा माणूस नियम पाळतो. दत्तोबा खाली बघत होते. खरा माणूस स्तुतीनं अवघडतो.

२५ ऑगस्ट

सभांचा परिणाम दिसू लागला आहे. दत्तोबांची टोळी आता आरडाओरडा न करता काम करते. पाना हवा तर दोन बोटं, थांब म्हणायचं तर उघडा तळवा, विमान ढकलायचं तर खांद्यावर थाप. एखाद्या कसलेल्या पथकासारखं. मी विजयसिंहांना ते अभिमानानं दाखवलं. ते म्हणाले, “दत्तोबाची टोळी कधीपासून अशीच आहे, ताई.” माझं श्रेय मला न देण्याची यांची खोड जायची नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

दत्तोबांनी जेवायला बोलावलं होतं. बारामतीत भाड्याच्या दोन खोल्या. मी बुद्धघोषना घेऊन गेले. नवऱ्याला शाळेच्या पेपरांतून उठवणं हीच एक मोहीम असते.

दत्तोबांच्या बायको प्रयागबाई फार मोठ्यानं बोलतात. शेतावरची सवय असणार. टीव्हीचा आवाज तर असा की बुद्धघोषनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याच्या कुटाचं कालवण, म्हाद्या, आणि कांदा. पोटभर जेवलो.

प्रयागबाई म्हणाल्या, “ह्यांचं रोजचं तुमचंच कवतिक. म्हणत्यात, ताई लय चांगल्या बोलत्यात, सावकाश, तोंड उघडून. हेडसायेबासारखं मिशीत न्हाय बोलत.”

हेडसाहेब म्हणजे विजयसिंह. शब्दोच्चारांवर इतकी वर्षं घेतलेल्या कष्टाचं चीज झालं.

त्यांचं मूळ गाव नरसिंहपूर, भीमा-नीरेच्या संगमावरचं. नोकरी संपली की तिकडंच जायचं म्हणतात. दत्तोबा सांगत होते, “सांजच्या आरतीची घंटा वाजली की आमचा आज्जा हातातलं काम टाकून कपाळाला हात लावायचा. मग आमी पोरंबी. घंटा झाल्याबिगर घरात दिवा लागायचा न्हाय. हितं समदं हाय ताई, तेवढं न्हाय.”

“आता तितं जाऊन तरी काय,” प्रयागबाई म्हणाल्या आणि एकदम भाकरी आणायला उठल्या.

येताना बुद्धघोष एसटीत म्हणाले, “त्यांनी माझ्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही.”

“तुम्ही मान खाली घालून पुटपुटता,” मी म्हणाले.

२४ सप्टेंबर

खंडेनवमीवरून आज खडाजंगी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी विमानं हँगरबाहेर रांगेत उभी करून त्यांची पूजा होते. हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ. हार घालायचा तो प्रोपेलरला. तो तिरका उभा असेल तर हातानं फिरवून आडवा करतात, म्हणजे हार दोन्हीकडं सारखा लोंबतो आणि मधे स्वस्तिक काढता येतं.

मी म्हणाले, प्रोपेलरला कारणाशिवाय हात लागणार नाही. पूजा हे कारण नाही. विजयसिंह सगळ्यांदेखत म्हणाले, “ताई, तुमच्यात पूजा करत नाहीत, ठीक. आमच्यात करतात.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभ्या उभ्या सुनावलं: विषय धर्माचा नाही, लोखंडाचा आहे, फिरता प्रोपेलर जात विचारत नाही. पण मग मागं बसलेल्या माणसांचे चेहरे पाहिले. अवजाराला वर्षातून एकदा हात जोडणारी माणसं. यात अंधश्रद्धा किती आणि माया किती, कुणी ठरवायचं? आणि इथं मी अडले तर सुरक्षा मागं राहील, मी पुढं दिसेन. शेवटी तडजोड केली. पूजा करा. हार विमानाच्या पंखावर घाला. प्रोपेलरला हात नाही. चाव्या माझ्या खिशात राहतील.

दत्तोबा माझ्या तोंडाकडे बघत मान डोलावत होते. विजयसिंह तेव्हा त्यांच्या मागून, भिंतीशी उभे राहून बोलत होते. त्यांच्याकडे दत्तोबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बाजू कुणाची हे कळायला तेवढं पुरे.

३० सप्टेंबर

तीन नंबरच्या विमानाचा चावीचा स्विच खराब. काढला आहे. नवा उद्या परवा येईल. तोवर त्याची वायर सुटी. ही गोष्ट मी सभेत दहादा सांगितली आहे: या इंजिनाला ठिणगी बॅटरीतून मिळत नाही, ते ती स्वतः तयार करतं. चावी बंद केली की ती ठिणगी एका वायरीतून निघून जाते. वायर सुटली की चावी कुणाच्याही खिशात असो, इंजिन जागंच असतं. प्रोपेलर नुसता हातानं ढकलला तरी एखादा फेरा मारू शकतं.

स्पार्क प्लगच्या वायरीही काढून ठेवल्या असत्या म्हणजे प्रश्नच मिटला असता. विजयसिंह म्हणाले, “सण होऊ द्या, मग करू.” मी तीन नंबरच्या प्रोपेलरला स्वतः लाल फीत बांधली आणि मान्य केलं. फीत आहे. उद्या सभेत बजावून सांगीन.

परवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं इंदापुरातलं भाषण. मुद्दे काढायचे आहेत.

१ ऑक्टोबर

लिहवत नाही. दत्तोबांचा उजवा हात गेला.

२ ऑक्टोबर, दसरा

सभेला गेले नाही. मंडळाची माणसं घरी आली. ताई, दोन शब्द तरी. बुद्धघोषनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. लांबून स्पीकरवर दुसऱ्या कुणाचा आवाज येत होता.

जे झालं ते लिहून काढते. नाहीतर उद्या मी माझ्या सोयीचं आठवायला लागेन.

काल सकाळच्या सभेत मी स्पष्ट सांगितलं: तीन नंबरची वायर सुटी आहे, लाल फीत बांधली आहे, त्या प्रोपेलरच्या जवळ जायचं नाही. सांगताना मी पाठमोरी होते. विमानं बाहेर रांगेत उभी होती, त्यांच्याकडे हात करून बोलत होते. आवाज हँगरभर घुमला. माझ्या आवाजाला माइक लागत नाही.

मग बायकापोरं आली, प्रसाद आला. ऑफिसातली स्वरूपा बाजारातून सॅटिनच्या लाल फितीचं रीळ घेऊन आली होती. तीन नंबरच्या प्रोपेलरला बांधलेली माझी फीत तिला शोभेची वाटली. सगळी विमानं सारखी दिसावीत म्हणून तिनं प्रत्येक प्रोपेलरला तशीच फीत बांधली, फुलं खोचून. मी पाहिलं. सुंदर दिसतंय, म्हणाले. म्हणाले मी तसं. आठ विमानं, आठ लाल फिती, आणि त्यातली एक धोक्याची.

वडीलधारे म्हणून पूजेचा मान दत्तोबांना. नवा सदरा, टोपी. पहिल्या दोन विमानांना त्यांनी सांगितल्याप्रमाणे पंखावर हार घातला. तीन नंबरचा प्रोपेलर तिरका उभा होता. कुंकवाची वाटी त्यांनी खाली ठेवली. इतक्या वर्षांची सवय. तिरकं असलं की सरळ करायचं. हात वर गेला.

मी ओरडले. “दत्तोबा, थांबा.” पोटातून ओरडले. गेटवरचे आबाजी वळले. बायका दचकल्या. एका बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागलं. धावपट्टीपलीकडं गवत कापणारा माणूस थांबला.

दत्तोबा थांबले नाहीत. त्यांनी मान सुद्धा वळवली नाही.

इंजिन एकदाच खोकलं.

५ ऑक्टोबर

दत्तोबा पुण्याच्या रुग्णालयात आहेत. हात कोपराखाली काढला. जिवावरचा धोका टळला म्हणतात.

आज हँगरवर गेले. गेटवर आबाजी. मी सांगत सुटले: मी ओरडले होते, तुम्ही तरी ऐकलंत ना, मग त्यांनी का ऐकलं नाही, इतका कसला नाद.

 आबाजी म्हणाले, “ताई, दत्तोबाला ऐकू येत न्हाय. लय दिस झालं. माज्यापेक्षा जास्त.”

“तपासणीत तर...”

“तुमच्या नर्सचा हात दिसत व्हता त्याला.”



“कुणाकुणाला माहीत होतं?”

“समद्यास्नी. हेडसायेबालाबी असंल. तुमास्नी सोडून.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “कोण सांगणार तुमाला? मी हितं बसलोय की, समद्यांच्या डोळ्यांम्होरं.”

हातांच्या खुणा. मोठा टीव्ही. तोंडाकडे लावलेली नजर. या वहीची मागली पानं उलटून वाचली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

तपासणी मी आणली. आणि ती द्यायला माणूस घाबरेल अशी व्यवस्थाही मीच केली.

९ ऑक्टोबर

चौकशी समितीचे दोघे रुग्णालयात जबाब घ्यायला आले. सोबत विजयसिंह आणि मी. समितीच्या माणसानं पलंगाजवळ वाकून विचारलं, सकाळी इशारा दिला होता का?

दत्तोबांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “व्हय. ताईंनी सांगितलं व्हतं. मी ऐकलं. सणाच्या नादात इसरलो. ताईंचा काय दोष न्हाय.”

विजयसिंहांनी मोठा श्वास सोडला. खोटं का लिहू, क्षणभर मलाही सुटल्यासारखं झालं. मग पलंगापलीकडं लक्ष गेलं. प्रयागबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या.

बाहेर पायऱ्यांवर विजयसिंह म्हणाले, “वाईट झालं, पण आता सरळ आहे. इशारा दिला, त्यानं ऐकला, पाळला नाही.” अहवालाची शेवटची ओळ काय असणार, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. भरपाईत अडचण येणार, पुढं हलकं काम मिळणं कठीण, हेही तेच सांगत होते. हळहळून सांगत होते.

१६ ऑक्टोबर

पुन्हा पुण्याला. या वेळी एकटी. पलंगासमोर खुर्ची ओढली, चेहऱ्यावर उजेड पडेल अशी बसले आणि हळू बोलले. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून.

“दत्तोबा, मी समितीला खरं सांगणार.”

त्यांना सगळं समजलं. त्यांना समजलं, हे मला समजलं, हेही त्यांना समजलं. डाव्या हातानं चादर चुरगाळत राहिले.

“नका सांगू, ताई. चुकला म्हणा. बहिरा म्हणू नका.”

“चुकला म्हटलं तर तुम्हाला काही मिळणार नाही. आणि उद्या आणखी कुणी तरी असंच लपवेल.”

“लपवू दे की. त्याचं त्यो बघंल.” मग डोळे पुसायला त्यांनी उजवा हात उचलला, जो नव्हता. “गावाकडं पोरं मागून हाका मारत्यात बहिऱ्याला. खडं मारत्यात. माजा चुलता तसाच गेला. मी मेकॅनिक हाय, ताई. मेकॅनिक चुकतो.”



घरी बुद्धघोषना सांगितलं. ते म्हणाले, “तो माणूस खोटं कुणासाठी बोलला? तुझ्यासाठी की स्वतःसाठी?”

“दोघांसाठी.”

“मग तू खरं कुणासाठी बोलणार?”

 मी लोकांसाठी बोलते असं आजवर समजत आले. कधी कधी शंका येते, बोलायला मिळावं म्हणून तर मला लोक लागत नव्हते?

पण दुसरीकडून विचार केला तरी गाडी तिथंच येते. ते दोन शब्द मी दत्तोबांच्या नावापुढं लिहू द्यायचे, तर इतकी वर्षं मी कुणाविरुद्ध घसा फोडला?

२८ ऑक्टोबर

चौकशी झाली. मी काहीही तयारी केली नव्हती. आयुष्यातलं बहुधा सगळ्यांत लहान भाषण.

म्हणाले: दत्तोबांना ऐकू येत नाही. इथल्याच आवाजानं कान गेले. हँगरमध्ये ते सगळ्यांना माहीत होतं, मला नव्हतं, कारण ज्याचं असं उघड झालं त्याला मी गेटवर बसवलं. प्लगच्या वायरी काढायला हव्या होत्या, त्या राहू द्यायला मी होकार दिला. इशारा मी पाठ फिरवून दिला. लाल फिती आठ झाल्या तेव्हा मी समोर होते. सहीला कागद द्या.

विजयसिंह काही बोलायला गेले. समितीच्या प्रमुखांनी त्यांना विचारलं, दत्तोबांच्या कानांबद्दल तुम्हाला कल्पना होती का? ते टेबलाकडं बघत म्हणाले, “होती.” मग हळूच: “हात चांगला होता त्याचा. सोडवत नव्हतं.” या माणसाला मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

बाहेर आले तेव्हा टोळीतला एकही जण माझ्याकडे बघत नव्हता. कानामागं टाकलं असं म्हणतात ना, तसं नाही. ते लाजत होते. मला की स्वतःला, ते कळलं नाही.

६ नोव्हेंबर

निकाल आला. दोष व्यवस्थेचा. दत्तोबांना भरपाई मिळेल, कानांच्या यंत्राचा खर्चही. आबाजी अवजारं देण्याघेण्याच्या कामावर परत हँगरमध्ये. धोक्याच्या फितीऐवजी आता प्रोपेलरला कुलूप लागतं. माझ्या जागी दुसरं कुणी येणार आहे.

जे मागत होते ते सगळं मिळालं. घरी येऊन दार लावलं आणि रडले.

दत्तोबांना दोनदा निरोप पाठवला. उत्तर नाही. ते गावाला गेलेत. यंत्र पेटीतच आहे, उघडलं नाही, असं आबाजी म्हणाले.

१६ नोव्हेंबर, रविवार

नरसिंहपूरला जाऊन आले. उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत. रस्ताभर त्यांच्या मागं मागं एसटी.

प्रयागबाई दारातच भेटल्या. घरात घेतलं, पाणी दिलं. आता त्या हळू बोलतात. मला ते जास्त लागलं.

“घाटावर बसल्यात. पर ताई, ते तुमच्याकडं बघायचं न्हाईत. सांगून ठेवलंय मला. म्हणाले, त्या आल्या तर मी नदीकडं बघणार.”

“रागावलेत?”

“पोरं मागं लागत्यात. बहिरा आबा म्हणत्यात. निकाल पेपरात छापून आला न्हवं का.” मग पदर सारखा करत, “यंत्र मी रोज पुसून ठेवती.”

घाटाच्या पायऱ्यांवर दत्तोबा बसले होते. सदऱ्याची उजवी बाही दुमडून टाचलेली. समोर दोन नद्या एक होतात तिथलं पाणी. मी शेजारच्या पायरीवर बसले. त्यांना माझी चाहूल लागली असणार, खांदे थोडे ताठ झाले. तोंड वळवलं नाही.

मी बोलायला आले होते. एसटीत सगळं जुळवलं होतं: क्षमा कशी मागायची, का सांगावं लागलं, पुढच्या माणसासाठी काय वाचलं. तोंड उघडलं आणि तेव्हा कळलं. ते माझ्या चेहऱ्याकडं बघत नव्हते. मी इथं कितीही बोलले तरी त्यांच्यापर्यंत काहीच पोचणार नव्हतं. मला शांत ठेवायला त्यांना एवढंच करायचं होतं, नदीकडं बघायचं.

म्हणून गप्प बसले. एक बाई कपडे धुऊन गेली. दोन पोरं वरच्या पायरीवर आली, मला बघून परत गेली. ऊन उतरलं, पाणी तांबडं होऊन मग करडं झालं.

वर देवळात आरतीची घंटा सुरू झाली. पहिला ठोका, मग दुसरा. मोठी घंटा. पायऱ्यांतून तिचा हादरा जाणवावा इतकी. दत्तोबा तसेच बसून होते.

मग समोरच बघत, पाण्याला विचारावं तसं ते म्हणाले, “ताई, घंटा वाजली का वो?”

मी हो म्हणाले. नुसतं तोंडानं म्हणून काही उपयोग नव्हता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला.

त्यांनी डावा हात उचलून कपाळाला लावला.